कोहकाटोल्याची पलीकडची थडी

देवाजी कुळमेथ्यांना जाऊन तिसरा उन्हाळा लागला, तरी त्यांचा दगड अजून अंगणातच होता. कंबरेइतका उंच, काळा, एका अंगाला थोडा फुगीर. सोयऱ्यांनी तो डोंगरातून निवडून आणला, मोहाच्या झाडाला टेकवून ठेवला, आणि तिथं घोडं पेंड खायला थांबलं ते थांबलंच. या काळात कोंबड्या त्याच्यावर बसल्या, बकरीनं त्याला अंग घासलं, आणि ठमाबाईंनी रोज उठून त्यांना हाकललं. नवरा जिवंत असताना त्याच्यासाठी इतकं धावावं लागलं नव्हतं, असं त्या ऐकणारं कोणी असलं की म्हणत.

दगड न्यायचा होता जुन्या गावी, देवाजींच्या बापाच्या दगडाशेजारी. तो तिथं उभा राहिल्याशिवाय गेलेला माणूस आपल्या माणसांत जाऊन बसत नाही, दारातच ताटकळतो, असं इथली गोंड माणसं मानतात. आणि जिथं नवऱ्याचा दगड, तिथंच पुढं बायकोचा. म्हणजे प्रश्न जितका देवाजींचा होता तितकाच ठमाबाईंचा होता, फक्त पोरांच्या ते ध्यानात येत नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला आपण शेवटी कुठं जाणार हे ठाऊक असावं, एवढीच तिची मागणी होती.

अडचण अशी की जुनं गाव कुठं होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

कोहकाटोला आजही धानोऱ्याच्या पुढं रस्त्याला लागून आहे. अंगणवाडी आहे, मोबाईलचा टॉवर आहे, टॉवरला रेंज तेवढी नाही. पण हे झालं आताचं कोहकाटोला. इकडची जुनी रीत अशी, की गावात देवीची साथ आली किंवा वाघ माणसाला लागला, की अख्खं गाव उठायचं आणि दुसरीकडं जाऊन बसायचं. जाताना मडकी, कोंबड्या, बी-बियाणं न्यायचं, तसंच गावाचं नावही सोबत न्यायचं. मागं राहायचे ते दगड, कारण मेलेल्यांना कोणी हलवत नाही. म्हणून नकाशात पाहाल तर कोहकाटोला रस्त्याकडेला सापडतं आणि जुन्या जागेला नावच उरत नाही. देवाजींच्या लहानपणी गाव असं उठून आलं. पुढं ते दर उन्हाळ्यात एकदा कोंबडा काखोटीला मारून एकटेच जंगलात जात आणि दुपारी रिकाम्या हातानं परतत. कुठं जाता हे बायकोनं विचारायचं नसतं, आणि पोरांनी कधी विचारलं नाही. मग एका सकाळी ते विहिरीवर पडले आणि वाचाच गेली. दोन दिवस नुसते हातानं जंगलाकडं दाखवत राहिले. जंगल चारी बाजूंना होतं.

आज सोयरे आले होते. ठमाबाईंचा थोरला भाऊ वारलू आत्राम, त्याचा मुलगा जंगू आणि त्यांच्या गावची चार दणकट माणसं. जंगू हा ठमाबाईंचा भाचा आणि जावईही. आत्रामांची ठमा कुळमेथ्यांकडे आली, तर ठमाची मुलगी मोनाली आत्रामांकडे गेली; नवऱ्यासोबत तीही आज आली होती. याला इकडं दूध परत करणं म्हणतात. दगड उचलायचा तो अशा सोयऱ्यांनीच. घरच्यांनी, सख्ख्या पोरांनीसुद्धा, त्याला बोट लावायचं नाही.

"मामा, चहा घ्या अन् निघू," ठमाबाईंचा धाकटा मुलगा लोकेश म्हणाला. तो गावातच राहून शेती करायचा आणि ग्रामसभा चालवायचा.

"निघू तं खरं. पण कुठी निघू?" वारलूनं बशी खाली ठेवली.

"वरच्या टेकाडावर. मी केव्हाचा सांगून राह्यलो. दगडं आहेत तिथी आपले. दोन तं मीच उभे केले, पडून होते बिचारे."

"अन् मी सांगतो, बाबा नाल्याच्या पार जायचे." थोरला धनराज भद्रावतीच्या कारखान्यात होता, काल रात्रीच कार घेऊन आला होता. "वापस यायचे तं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं राह्यचं. मी लहान होतो, आंधळा नव्हतो."

"पाय धुतले असन नाल्यावर."

"पाय धुवाले कोणी गुडघ्यापर्यंत उतरते का बे?"

"दादा, तुम्ही कॉलनीत राहून उंटावरून शेळ्या हाकू नका. इथलं जंगल मले माहीत आहे."

टेकाड आणि नाला यांच्यात नुसता बाप अडकला नव्हता. टेकाडावरच्या जंगलावर गावाचा हक्क मिळावा म्हणून लोकेश चार वर्षं तालुक्याला खेटे घालत होता. बापजाद्यांचे दगड तिथले निघाले की बांबू, तेंदूपान सगळं गावाचं. त्यात बापाचाही दगड उभा राहिला तर सोन्याहून पिवळं. धनराजला नेमकी याचीच धास्ती. निवृत्ती तोंडावर आलेली, कॉलनीत ऊठबस चांगली, आणि वनखात्याशी भांडणाऱ्यांत आपलं आडनाव कशाला, असं त्याला वाटे. ठमाबाई ओसरीवरून दोघांचं ऐकत होत्या. दोघंही बाबा, बाबा करत होते, पण बाबाला कुठं बरं वाटेल हे एकाच्याही तोंडून निघत नव्हतं. त्यांना राग आला, आणि त्याहून जास्त कंटाळा आला.

"एका तोंडानं सांगा," वारलू म्हणाला. "घरात दोन तोंडं असन तं आम्ही दगड उचलत नाई. बाप्पा, आमच्या गावची माणसं काम सोडून आली आहेत."

"पह्यले टेकाडावर जाऊन पाहू," ठमाबाई उठल्या. "तिथी काहीतरी आहे तं खरं. नाल्यापार काय आहे हे कोणं पाह्यलं?"

"तू कुठी चालली, माय?" लोकेश म्हणाला. "बाया जात नाईत तिकडं."

"मले नेऊन ठेवसान तवा मी काय पुरुष होऊन जाईन?"

मोनाली फिसकन हसली आणि आईच्या चपला घेऊन आली. वारलूनं काही म्हटलं नाही. त्याचं न म्हणणं म्हणजे होकार, हे सगळ्यांनी ओळखलं.

दगड तणसावर निजवून ट्रॅक्टरनं जंगलाच्या तोंडापर्यंत नेला. पुढं वाट नव्हती. तिथून तो दोरांनी लाकडाच्या जाड बल्लीला बांधून सोयऱ्यांनी खांद्यावर घेतला. जंगू सर्वांत पुढं. तेंदूपानाचा हंगाम नुकताच आटोपला होता, झुडपं खुडलेली होती, त्यामुळं चालायला बरं होतं. तरी टेकाडाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत माणसांनी कितीदा तरी खांदे बदलले. चढायच्या आधी वारलूनं दगड खाली ठेववला. आधी वर जाऊन बघू म्हणाला.

टेकाडाच्या माथ्यावर मोकळी जागा होती. लोकेश मालकासारखा पुढं झाला. "हे पाहा. साहेब लोकाईले पण दाखवले मी. फोटो काढून नेले त्यायनं. दर वर्षी कोंबडं देतो इथी."

वारलूनं चपला काढल्या. जमिनीवर रुंद, चपटे दगड होते, पानांत अर्धे बुडालेले. त्यांच्यात दोन तेवढे उभे, बुडाशी ताजी माती. वारलू वाकून एकेका दगडाखाली हात घालून पाहत गेला. मग तो त्या दोन उभ्या दगडांपाशी आला.

"हे कोणं उभे केले?"

"मीच. सांगतलं ना," लोकेश म्हणाला.

"अन् बाकीचे?"

"ते पडले आहेत. पोट्टे घेऊन येतो अन् सारे उभे करतो."

वारलू खालीच बसला. "पडले नाईत रे बाबू ते," तो म्हणाला, "निजवले आहेत. खाली पाह्य ना, तीन तीन गोटे आहेत. कुळमेथे दगड उभा करतेत. आम्ही तीन गोट्यांवर आडवा ठेवतो. हे कुळमेथे नाईत. हे आत्राम आहेत. आमचे बुढे. आरामानं निजले होते अन् तू दोघाईले उठवून उभं करून ठेवलं."

मोनालीनं पदर तोंडात कोंबला, तरी हसू बाहेर आलंच. तिच्या भावानं सासरच्या पितरांना चार वर्षं झोपू दिलं नव्हतं.

"अन् कोंबडं?" लोकेशचा आवाज खोल गेला होता. "मी तं माह्या आज्याच्या नावानं देत होतो."

"खाल्लं असन त्यायनं. भाच्याच्या हातचं आहे म्हणून खाल्लं असन." वारलूला हसावं की रागवावं कळत नव्हतं. "पण आता दंड म्हणून आणखी एक द्या लागते तुले."

ठमाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सासरचे दगड शोधायला आल्या होत्या आणि माहेरी पोचल्या होत्या. लग्न झाल्यावर बाईचं कूळ बदलतं, माहेरच्या पितरांशी तिचा संबंध संपतो, हे त्यांना लहानपणापासून सांगितलेलं. पण त्यांचे हात आपसूक जोडले गेले, आणि संबंध संपला असताना ते का जोडले जावेत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"दादा, आपले इथले होते हे तुले माहीत नव्हतं?"

"बाप सांगे, पण जागा हेच टेकाड हे मले माहीत नव्हतं. साथ आली तवा आपण डोंगरापल्याड गेलो, हे लोकं रस्त्याकडं आले. वाघाच्या भ्यानं मंग इकडं कोणी फिरकलं नाई. बापाले पण नव्या गावातच निजवलं." वारलूनं एका चपट्या दगडावरची पानं हातानं बाजूला केली. त्याचा एक कोपरा तुटलेला होता. "हा आपला आजा. त्याच्या दगडाले कोपरा नाई असं बाप म्हणे. अन् ही बाजूची लहान, आजी."

"आजी कोणाकडची?"

"कुळमेथ्याईची. तुह्या नवऱ्याच्या घरची पोरगी. त्या थडीवरून ह्या थडीले आली. बाप म्हणे, नाल्याच्या ह्या अंगाले आपले बुढे, त्या अंगाले सोयऱ्याईचे. जिते होते तोवर एका गावात राह्यले, मेल्यावर समोरासमोर."

"म्हणजे नाल्याच्या पार," धनराज म्हणाला. त्यानं भावाकडं पाहिलं नाही. लोकेशची अवस्था पाहून त्याला जिंकल्यासारखं वाटलं नसावं.

ठमाबाई आजीच्या दगडाशी बसून होत्या, तेवढ्यात जंगू बोलला. तो एरवी मोजकं बोलणारा माणूस. "हे दगडं आत्रामाईचे, तं मंग हे जंगल आमच्या गावाच्या हक्कात येते. असंच ना, लोकेशभाऊ? तुमचंच म्हणणं आहे ते."

लोकेश ताडकन उठला. "वा रे जावाई! चार वर्स चपला मी झिजवल्या अन् आता तू येऊन बसतं का?"

"चपला तुम्ही झिजवल्या. बुढे आमचे आहेत."

"मोनाली, तुह्या माणसाले समजव."

"मी कायले समजवू?" मोनाली म्हणाली. "मी आता आत्राम आहो. तुम्हीच तं देल्ली मले."

तिघांचे आवाज चढले. सकाळपर्यंत लोकेशचा पक्का सोबती असलेला जंगू आता समोरच्या बाजूला होता, आणि लोकेशच्या नावानं बोटं मोडणारा धनराज धाकट्याची बाजू घेऊन पुढं सरसावला. कुठं काही वाटायची वेळ आली की नाती कशी भराभर जागा बदलतात, हे ठमाबाईंनी आयुष्यात बऱ्याचदा पाहिलं होतं. त्यांनी हातातली काठी दगडावर नव्हे, जमिनीवर आपटली.

"खाली एक माणूस बल्लीले बांधून ठेवला आहे. त्याले उन्हात टाकून तुम्ही जंगल वाटून राह्यले? लाज वाटू द्या थोडीशी."

सगळे उतरले, आणि सोयऱ्यांनी बल्ली परत खांद्यावर घेतली.

नाल्यात गुडघाभर पाणी होतं. धनराजनं पॅन्ट दुमडली नाही. मुद्दाम तशीच भिजवत तो पार झाला, आणि पलीकडं जाऊन जागच्या जागी उभा राहिला. समोर वनखात्याची सागवानाची लागवड होती, सरळ रांगांत, जमीन कधीकाळी ट्रॅक्टरनं नांगरून सारखी केलेली. नजर जाईल तिथवर सागाचे सारखेच बुंधे आणि सुकलेली मोठी पानं. दगड नव्हते. सगळे पांगले, शोधू लागले, काठीनं पानं उलटू लागले. धनराज सर्वांत पुढं गेला आणि सर्वांत आधी परत आला.

"नाई," तो म्हणाला. "काहीच ठेवलं नाई." आणि पंचावन्न ओलांडलेला तो माणूस आईसमोर पोरासारखा रडला.

लोकेशला एक काळा दगड सापडला, निम्मा मातीत. त्यानं नखांनी माती उकरली. "दादा, हा असन का आज्याचा?"

"साधा गोटा आहे बे तो."

"पण असू शकते."

"असू शकते," धनराज म्हणाला, आणि धाकट्याच्या बाजूला बसून तोही उकरू लागला. खात्रीनं सांगणारं मात्र कोणी नव्हतं. ठमाबाईंना त्या गोट्याकडं पाहून काहीच वाटलं नाही, आणि त्याचंच त्यांना भय वाटलं. आता दगड परत अंगणात जाणार, कोंबड्या परत बसणार, आणि आपण मेलो की दुसरा दगड त्याच्या बाजूला टेकवून ठेवणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

वारलू म्हणाला, "एक रीत आहे. दगड उचलून विचारायचं. जागा त्याची असन तं हलका होते. नसन तं जड होते, मंग वापस न्या लागते. पुढचा माणूस सांगन तेच खरं."

पुढचा माणूस म्हणजे जंगू. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं वळल्या. जंगू हलका म्हणाला तर कुळमेथ्यांचं इथं ठाणं झालं, आणि ही थडी ज्यांची ते उद्या त्या थडीच्या जंगलावरही हक्क सांगणार. जड म्हणाला तर कुळमेथ्यांना हक्क सांगायला काही उरत नव्हतं. हे लोकेशला समजलं, धनराजला समजलं, आणि जंगूला तर सर्वांत आधी समजलं असणार. मोनाली नवऱ्याकडं बघत होती.

माणसांनी बल्लीला खांदे लावले. वारलूनं मोहाची दारू शिंपडली, तांदूळ टाकले आणि जुन्या गोंडीत काही पुटपुटला. "देवाजी, जागा तुही असन तं सांग." माणसं उठली. सकाळपासून ओढत आणलेला दगड होता तो, आता अंगात ताकद उरली नव्हती. बल्ली वाकली. जंगूच्या मानेवरच्या शिरा दोरासारख्या ताठ झाल्या, घाम डोळ्यांत उतरला, पाय थरथरत होते.

"कसा आहे?" वारलूनं विचारलं.

जंगूनं श्वास घेतला. "हलका," तो म्हणाला. "फुलावानी."

ठमाबाईंनी त्याच्या मानेकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. लोकेशनं जावयाच्या खांद्याकडं हात नेला, पण घरच्यानं शिवायचं नसतं हे आठवून अर्ध्यातून मागं घेतला.

लोकेशच्या काळ्या गोट्याशेजारीच खड्डा झाला. वारलूनं लोखंडी सब्बल चालवून जमीन फोडली, बाकीच्यांनी माती काढली. दगड आत उतरला, फुगीर अंग पुढं, तोंड टेकाडाकडं. बुडाशी दगडाच्या चिपा ठोकून माती दाबली. देवाजी तीन उन्हाळ्यांनंतर उभे राहिले. धनराज आणि लोकेश दगडापुढं द्यायला आणलेल्या कोंबड्यावरून परत वाद घालत होते, पण तो आता कोणी कापायचा एवढ्यापुरता होता.

"मायची जागा सोडा," मोनाली म्हणाली.

धनराजनं दगडाच्या डाव्या अंगाला, सागाच्या रांगेकडं हात केला. "इथी. बायकोचा डाव्या हाताले ठेवतेत."

"नाल्याकडून सोडा," ठमाबाई म्हणाल्या.

"माय, रीत डाव्या हाताची आहे."

"रीत तुमची. साऱ्या जन्माची मले तिथी बसून सागाची झाडं पाहाची आहेत का? माही आजी इकडून तिकडं गेली. मी तिकडून इकडं आली. नाल्याकडून सोडा मले."

धनराजनं लोकेशकडं पाहिलं, लोकेशनं मामाकडं. दगडाच्या कामात सोयऱ्यानं ठरवलं की घरच्यांना बोलता येत नाही. वारलूनं कोणाला विचारलं नाही. त्यानं सब्बल उचलली, नाल्याच्या बाजूला गेला आणि जमिनीवर एक आखूड रेघ ओढली.

"उभी राहून पाह्य, ठमा."

ठमाबाई रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या. एका अंगाला नवरा, समोर नाला, नाल्यापार आजीचं टेकाड.

"दिसते का?"

"दिसते," त्या म्हणाल्या.